एकशे नव्वदात एक

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई देवगड तालुक्यातल्या, वय ३२, शाळेत शिकवतात. पहिलंच बाळंतपण, चौदावा आठवडा पुरा झालाय. डबल मार्कर या रक्ततपासणीचा रिपोर्ट ‘हाय रिस्क’ आला: बाळाला डाउन सिंड्रोम, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्त, असण्याची शक्यता १९० मध्ये १. नवरा मुंबईला नोकरीत. तो फोनवर म्हणतो, पुढची काय असेल ती तपासणी करून टाक; पण निर्णय मात्र गणपतीला घरी आल्यावर घेऊ. सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात असलं काही नाही, पोटात सुया टोचून घेऊ नकोस. पुण्याची मैत्रीण म्हणते, हा बाईच्या पोटावर चाललेला धंदा आहे. ताईंनी शेवटी लिहिलंय: “मी स्वतःला स्त्रीवादी समजते. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणं मला गुन्हा वाटतो. मग व्यंग आहे म्हणून पाडणं वेगळं कसं? चाचणी करून घेतली तर मी माझ्याच विचारांशी बेइमानी करते का?”

ताई, मी सिंधुदुर्गात अठ्ठावीस वर्षं बाळंतपणं करतेय. तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. दुसरा भाग फार थोड्या जणी विचारतात, पण मनात तो अनेकींच्या असतो. मी दोन्हींना उत्तर देते.

आधी आकडा, कारण तुम्ही तो दोनदा लिहिलाय आणि दोन्ही वेळा पुढे उद्गारचिन्ह आहे.

तुमच्यासारखाच रिपोर्ट आलेल्या १९० बायका देवगडच्या एसटी स्टँडवर उभ्या आहेत असं समजा. त्यांतल्या १८९ जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसेल. एकीच्या असेल. ‘हाय रिस्क’ हा शिक्का एका ठरवलेल्या रेषेवरून बसतो आणि बऱ्याच प्रयोगशाळांत ती रेषा २५० मध्ये १ अशी असते. तुमचा आकडा २६० मध्ये १ आला असता तर त्याच कागदावर ‘लो रिस्क’ छापून आलं असतं आणि हा आठवडा तुम्ही नीट झोपला असता. तपासलेल्या शंभर जणींतल्या साधारण पाच जणी रेषेच्या पलीकडे जाव्यात अशाच बेताने ती आखलेली असते. त्या पाचांतल्या बहुतेकींचं बाळ ठीकच असतं. डबल मार्कर ही चाळण आहे. चाळणीवर राहिलं ते सगळं खडेच, असं कोणी समजत नाही.

वयाचंही असंच. आईचं वय पंचवीस असेल तर साधारण १२५० मध्ये १, पस्तीस असेल तर ३५० मध्ये १, चाळीस असेल तर १०० मध्ये १. तरीही डाउन सिंड्रोमची बहुतेक बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांनाच होतात, कारण मुळात बाळंतपणंच त्या वयात जास्त होतात. हे मी मुद्दाम सांगते, कारण “लग्न उशिरा केलंस म्हणून” हे वाक्य तुमच्या कानावर आलं नसेल तर येईल.

सासूबाईंच्या बोलण्याकडेही जरा थांबून बघा. “आमच्या घराण्यात असलं काही नाही” यात त्यांची माया आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्या वाक्याच्या पोटात दुसरं एक वाक्य बसलेलं असतं: काही निघालंच तर ते तुझ्या माहेराकडून आलं. डाउन सिंड्रोम बहुतेक वेळा कुठल्याच घराण्यातून येत नाही. एकविसाव्या गुणसूत्राची जोडी सुटायची ती सुटत नाही, आणि बाळाला दोनाऐवजी तीन मिळतात. बहुतेकदा हे स्त्रीबीजात होतं, थोड्या वेळा शुक्रजंतूत. शंभरातल्या तीनचार बाळांत मात्र गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो. तो आईकडून येऊ शकतो, तसाच बापाकडूनही. तेव्हा दोघांचं रक्त तपासावं लागतं, फक्त तुमचं नाही.

आणि स्त्रीबीजाबद्दल एक गोष्ट मी प्रत्येकीला सांगते. तुमची सगळी बीजं तुम्ही तुमच्या आईच्या पोटात होतात तेव्हाच तयार झाली. तिथेच त्यांची विभागणी सुरू झाली आणि अर्ध्यावर थांबली. हे जे बाळ आज तुमच्या पोटात आहे, त्याचं बीज बत्तीस वर्षं तसंच थांबून होतं आणि मग एका महिन्यात त्याने ते काम पुढे नेलं. तुम्ही ग्रहणात विळी धरलीत का, पपई खाल्लीत का, वर्गात उभ्या राहून शिकवलंत का, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. वयाचा संबंध आहे. पण वय वाढतं, ते कुणी करत नाही.

(जाता जाता: हे जादा गुणसूत्र पॅरिसमध्ये सापडलं, शोधनिबंध १९५९ चा. पेशी वाढवण्याचं मूळ काम मार्त गोतिए या डॉक्टर बाईंनी उभं केलं होतं. निबंधावर पहिलं नाव जेरोम लेज्यून यांचं लागलं. गोतिएंच्या वाट्याची उघड कबुली मिळायला पन्नासहून जास्त वर्षं गेली. आईच्या पोटातल्या या गोष्टीच्या शोधातही बाईचं काम मागेच राहिलं, म्हणून मला ही हकीकत विसरता येत नाही.)

आता मला माझी एक चूक सांगायची आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिच्यातून मिळालं. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. खाडीकाठच्या गावातली एक बाई, तिसरी खेप, पाचवा महिना. सोनोग्राफीत बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झालेली दिसली नाही. असं बाळ जगत नाही. मी प्रोब ठेवला, बाहेर गेले, तिच्या नवऱ्याला केबिनमध्ये बोलावलं, त्याला खाली बसवून सगळं समजावलं आणि पाकीट त्याच्या हातात दिलं. ती आत टेबलावरच होती, पोटावरची जेल लुगड्याच्या पदराने पुसत. नवरा आत गेला आणि त्याने तिला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने ती दारात आली आणि मला म्हणाली, “बाय, पोर माज्या पोटात आसा, मगे कागद तेच्या हातात कित्या दिलात?”

मला उत्तर देता आलं नाही. मी स्वतः बाई, शिकलेली, सभांमधून स्त्रियांच्या हक्कांवर बोलणारी. तरी वाईट बातमी ‘माणसांना’ सांगायची असते हे माझ्या हाताने इतकं शिकून घेतलं होतं की पाकीट आपोआप तिकडे गेलं. त्या दिवसापासून माझ्या दवाखान्यात रिपोर्ट बाईच्या हातात दिला जातो. ती कपडे नीट करून खुर्चीत बसल्यावर. मग तिने कुणाला आत बोलवायचं ते तिने ठरवायचं.

कायदाही यात तुमच्या बाजूचा आहे, हे फार जणींना माहीत नसतं. गर्भजल तपासणीच्या (पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं पाणी तपासतात, तिच्या) आधी जो संमतीचा फॉर्म भरतात, फॉर्म जी, तो बाईने स्वतःच्या हितासाठी तपासणी करून घेत असल्याचा असतो. तिला कळेल त्या भाषेत तो समजावायचा आणि एक प्रत तिला द्यायची, असा नियम आहे. त्यावर नवऱ्याच्या सहीला जागाच नाही. गर्भपाताच्या कायद्यातही १८ वर्षं पुऱ्या झालेल्या, समजउमज असलेल्या बाईची एकटीची संमती पुरते. तरीही कित्येक ठिकाणी “मिस्टरांची सही आणा” म्हणतात. तुम्हाला तसं कोणी म्हटलं तर विचारा, कुठल्या नियमाखाली. आणि लिंगनिदानाच्या कायद्याचं २४ वं कलम तर असं सांगतं की उलट सिद्ध होईपर्यंत कोर्टाने हेच धरून चालायचं की बाईला त्या तपासणीला नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं. घरात बाईवर काय चालतं हे कायदा लिहिणाऱ्यांना कळलेलं होतं.

तुमच्यापुढचे रस्ते सांगते. वेळ थोडा आहे, म्हणून गणपतीपर्यंत थांबू नका. तारखा मोजल्यात तर गणपतीला तुमचा एकोणिसावा-विसावा आठवडा लागलेला असेल.

एक रस्ता एनआयपीटीचा. तुमच्या दंडातून रक्त घेतात. त्यात बाळाच्या वारेतून सुटलेले डीएनएचे तुकडे फिरत असतात, ते मोजतात. डाउन सिंड्रोम असलेल्या शंभरातल्या नव्व्याण्णव बाळांच्या बाबतीत ही तपासणी तो ओळखते, आणि बाळाला धोका शून्य. पण ही अजूनही चाळणच, फक्त बारीक छिद्रांची. पॉझिटिव्ह आलं तरी त्यावर कोणताही निर्णय घ्यायचा नाही, गर्भजल तपासून खात्री करायची. रक्त कुरिअरने मोठ्या शहरात जातं, रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतात, खर्च दहा हजारांच्या वर. आपल्याकडे या रिपोर्टमध्ये बाळ मुलगा की मुलगी ते लिहीत नाहीत, लिहिणं गुन्हा आहे.

दुसरा रस्ता थेट गर्भजल तपासणीचा. पंधरा आठवडे पुरे झाल्यावर, सोळाव्याच्या आसपास. सोनोग्राफीत बघत पोटातून बारीक सुई घालतात आणि पंधरा-वीस मिलिलीटर पाणी काढतात, म्हणजे औषधाच्या तीनचार चमच्यांएवढं. दुखतं ते इंजेक्शनइतकंच, पण सुई आत असताना हलायचं नाही, याची भीती जास्त असते. गर्भपात होण्याचा धोका अनुभवी हातांत हजारात एक ते पाच. झटपट रिपोर्ट तीनचार दिवसांत, पूर्ण रिपोर्ट दोन ते तीन आठवड्यांनी. तुमच्यासाठी याचा अर्थ फोंडा घाट चढून कोल्हापूर, नाहीतर गोवा, नाहीतर रात्रीची गाडी धरून मुंबई. पावसात घाटात दरड आली की एक दिवस गेला. पुण्याच्या मैत्रिणीला ‘निवड’ हा शब्द सोपा वाटतो. तिच्या घरापासून तपासणीचं केंद्र रिक्षाच्या अंतरावर आहे. तुमच्यासाठी निवडीत भाडं येतं, शाळेची रजा येते, कोणाच्या घरी उतरायचं ते येतं आणि गावात काय सांगायचं तेही येतं.

तिसरा रस्ता काहीच पुढे न तपासण्याचा. हाही रस्ताच आहे, हे डॉक्टर क्वचित बोलून दाखवतात. माझ्याकडे अशा बाया आल्या आहेत की ज्यांनी शांतपणे सांगितलं, काहीही निघालं तरी मी हे बाळ ठेवणार, मला नऊ महिने धास्तीत काढायचे नाहीत. त्यांना मी फक्त १८ ते २० आठवड्यांची सविस्तर सोनोग्राफी करून घ्यायला सांगते. डाउन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो. तो आधी कळला तर बाळंतपण नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी करता येतं.

माझं मत विचाराल तर: कळलं तर गर्भ ठेवायचा नाही असं तुमच्या मनात स्पष्ट असेल, तर दहा दिवस एनआयपीटीत घालवू नका, सरळ गर्भजल तपासून घ्या. मन द्विधा असेल आणि पैशांची सोय होत असेल, तर आधी एनआयपीटी. कळून काही बदलणार नसेल तर हा रिपोर्ट कपाटात ठेवा. मनात काय आहे ते मात्र तुम्ही एकट्याने, दार लावून, स्वतःला विचारा. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ बार्बरा कॅट्झ रॉथमन यांनी १९८६ मध्येच दाखवून दिलं होतं की या तपासण्यांमुळे रिपोर्ट हाती येईपर्यंत गरोदरपण जणू अधांतरी राहतं. बाई पोटाला हात लावायला, नाव सुचवायला, कोणाला सांगायला बिचकते. माझ्यासमोर खुर्चीत बसणाऱ्या बायांत मी हे रोज बघते. तुम्हीही लिहिलंय की शाळेत अजून कुणाला सांगितलं नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. याचं उत्तर मला सोपं करून सांगायचं नाही.

सुई एकच आहे. गर्भजल तपासणी आपल्या देशात सत्तरच्या दशकात जनुकीय दोष शोधायला म्हणून आली, आणि काही वर्षांतच तिचा उपयोग मुली शोधायला होऊ लागला. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या स्त्री संघटना, डॉक्टर, वकील एकत्र आले. त्यांच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, लागू झाला १ जानेवारी १९९६ पासून, आणि २००३ मध्ये गर्भधारणेपूर्वीच्या निवडीलाही त्याने बंदी घातली. त्या चळवळीने एक रेघ फार जपून सांभाळली. गर्भपात बंद करा असं ती कधीच म्हणाली नाही. लिंगनिदान बंद करा एवढंच म्हणाली. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्याने मिळालेली सुटका तिला गमवायची नव्हती.

(कोकणात आपण मुलींना कमी लेखत नाही असं अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०३६. पण पुरुष मुंबईला चाकरमानी झाले म्हणून तो आकडा फुगलेला आहे. सहा वर्षांखालच्या मुलांचा आकडा हजाराच्या बराच खाली होता.)

पण व्यंगाच्या बाबतीत चळवळीतच पेच उभा राहिला, आणि तो पेच तुमचाच आहे. अनिता घई या स्वतः चाकाच्या खुर्चीवरून आयुष्य काढलेल्या स्त्रीवादी अभ्यासक विचारत राहिल्या, की मुलीच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या तुम्ही अपंग गर्भाचा विषय निघाला की गप्प का होता? अमेरिकेत ॲड्रिएन ॲश, दृष्टिहीन विचारवंत, गर्भपाताच्या हक्काच्या कट्टर समर्थक. त्यांचं म्हणणं असं होतं: मूलच नको म्हणून गर्भपात करणं एक, आणि मूल हवं आहे पण ‘हे’ नको म्हणून करणं दुसरं. दुसऱ्यात त्या बाळाबद्दलची एकच गोष्ट बाकी सगळ्या बाळाची जागा घेते.

मला हे म्हणणं खोडता येत नाही. आपल्याच राज्यात १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली, कारण त्यांच्या पाळीची स्वच्छता राखणं सांभाळणाऱ्यांना जड जात होतं. स्त्री संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. ज्या समाजाला त्या मुलींची पाळीसुद्धा नको होती, त्याच समाजात आपण गर्भजलाच्या रिपोर्टवर ‘निवड’ करतो. या हवेचा वास त्या निवडीला लागतोच.

हा वास जुना आहे. आपल्या मुरूडच्या कर्व्यांच्या घरातले र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गेली. मूल कधी व्हावं ते बाईने ठरवावं हा त्या काळातला एक धागा. त्याच काळात, त्याच विषयावरच्या लिखाणात दुसरा धागा सर्रास दिसतो: ‘सुप्रजा’. चांगली, निरोगी, वरच्या प्रतीची प्रजा. तुमच्या डबल मार्करच्या कागदात हे दोन्ही धागे विणलेले आहेत. गर्भसंस्काराच्या वर्गाच्या जाहिरातीत ‘बुद्धिमान, गोरं बाळ’ लिहिलेलं असतं, तिथे फक्त दुसरा.

मग फरक काय? मुलगी असणं हे दुखणं नाही. तिला जे सोसावं लागतं ते पूर्णच्या पूर्ण बाहेरून येतं. डाउन सिंड्रोममध्ये काही भाग शरीराचा असतो: हृदय, थायरॉइड, शिकण्याचा मंद वेग. आणि पुष्कळसा भाग बाहेरचा: तालुक्यात विशेष शाळा नाही, बोलायला शिकवणारी थेरपिस्ट जिल्ह्याच्या गावी, लग्नाच्या पंगतीत त्या पोराला मागे बसवणारे नातेवाईक. म्हणून दोन्ही सारखं नाही, आणि अगदी वेगळंही नाही. मी एवढ्यावर येऊन थांबले आहे की मुलगी नको म्हणणाऱ्या घराला आणि त्यासाठी मशीन चालवणाऱ्या डॉक्टरला कायद्याने अडवावं. अपंग मूल वाढवणं मला झेपणार नाही म्हणणाऱ्या बाईला मात्र अडवू नये. तिला तसं म्हणावं लागणार नाही अशी गावं करायची जबाबदारी बाकीच्यांची आहे. ती पार पडलेली नसताना तिच्याकडे बोट दाखवायचा हक्क मला नाही, तुमच्या मैत्रिणीलाही नाही.

कारण शेवटी सांभाळणार कोण? नवरा मुंबईला. सासूबाईंचे गुडघे. हे काम ‘आईचं काळीज’ म्हणून फुकट धरलं जातं, आणि स्त्रीवादाने पहिल्यापासून ज्यावर बोट ठेवलं ते हेच.

आमच्या जवळच्या बंदरावर एक मुलगा आहे, आता तेविशीचा, डाउन सिंड्रोम असलेला. आई लिलावात मासळी घेते आणि विकते. तो वाळत घातलेल्या जवळ्यावरचे कावळे हाकलतो. हातात एक ठरावीक काठी, तिच्या टोकाला लाल फडका. दुसऱ्या कोणी ती काठी उचलली तर चिडतो. गावात त्याच्यावाचून जवळा वाळत नाही असं बायका खरंच मानतात. लहानपणी त्याच्या हृदयाचं भोक बुजवायला आईने पाटल्या मोडल्या. तेव्हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नव्हता. तो २०१३ मध्ये, आपल्याच पालघरातून सुरू झाला. आता जन्मतःच्या हृदयदोषावर त्यातून उपचार होतात, डाउन सिंड्रोमची नोंद होते, जिल्हा पातळीवर लहान मुलांच्या विकासासाठी केंद्र असतं. मी त्या बाईला एकदा विचारलं, तेव्हा कळलं असतं तर? ती म्हणाली, तेव्हा कळलं असतं तर बहुतेक ठेवला नसता, आणि आता तो विचारही करवत नाही. मग म्हणाली, “माज्या मागसून हेका कोण बघतलो, ताच काय तां सांगा.” दोन्ही वाक्यं तिने एका दमात सांगितली. मी त्यातलं एकच निवडून तुम्हाला सांगितलं असतं तर तुमची फसवणूक झाली असती.

दुसरी एक, कणकवलीकडची. एकोणिसाव्या आठवड्यात तिने गर्भ न ठेवण्याचं ठरवलं. पूर्ण विचाराने ठरवलं, आणि आजही तिला तो निर्णय बरोबर वाटतो. पण ज्या रुग्णालयात ते झालं तिथे तिला बाळंतिणींच्याच वॉर्डात ठेवलं. रात्रभर शेजारच्या खाटांवर बाळं रडत होती. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिला दूध दाटलं. कुणी तिला सांगितलंच नव्हतं की इतक्या लवकरच्या गर्भपातानंतरही दूध येऊ शकतं. ब्लाऊज भिजलेला, अंगात ताप, आणि घरात कुणाशी बोलायची सोय नाही, कारण शेजारी “पडलं” एवढंच सांगितलेलं. ना शेक, ना शेगडी, ना अळिवाचा लाडू. ती बाळंतीण धरलीच गेली नाही. माझ्याकडे आली ती छातीला घट्ट पंचा बांधून. अशा बाईला दूध थांबवायची गोळी आधीच द्यायची असते, वेगळी खोली द्यायची असते आणि पंधरा दिवस घरात कुणीतरी तिच्या हाताखाली लागायचं असतं. तुम्ही त्या बाजूने ठरवलंत तर या तीन गोष्टी आधीच मागून घ्या. आपली बाजू शंभर टक्के बरोबर असली तरी छातीला दूध यायचं ते येतं.

कायद्याची मुदत: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भातल्या गंभीर दोषासाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं, आणि त्यापुढे वैद्यकीय मंडळाचं. पूर्वी विसाव्या आठवड्याला दार बंद व्हायचं आणि मोठी सोनोग्राफी नेमकी त्याच सुमारास व्हायची. किती बायांना मी त्या दाराबाहेर उभं बघितलंय. आता तेवढी धाप लागत नाही, तरी जितकं लवकर तितकं शरीराला सोपं.

तर ताई, बेइमानी कसली? तपासून घेणं बेइमानी नाही आणि न तपासणंही अडाणीपणा नाही. मैत्रिणीला धंद्याचा राग आहे तो योग्य आहे. एनआयपीटीचे दलाल माझ्याही दारात येतात, मी त्यांना आत घेत नाही. पण तिचा राग तुमचा निर्णय होऊ देऊ नका. नवऱ्याला आजच फोन करा आणि गणपतीऐवजी येत्या शनिवारी येता येईल का विचारा. मूल त्याचंही आहे, रात्रीची गाडी त्यालाही धरता येते. सासूबाईंना एकदा माझ्यासमोर घेऊन या. त्यांचंही ऐकायला हवं. त्यांच्या तरुणपणी त्यांच्या पोटाबद्दल त्यांना कुणी काही विचारलं होतं का, हे मी त्यांना विचारीन. बहुतेक सासवा तिथे बोलत्या होतात.

गर्भजल तपासणीला जाणार असाल तर आधी फोन करून घाट सुरू आहे का बघा. उपाशी जायची गरज नाही. सोनोग्राफीचे सगळे जुने कागद, आधार कार्ड आणि रक्तगटाचा रिपोर्ट बरोबर ठेवा. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर तपासणीनंतर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, ते तिथे मिळेल ना हे आदल्या दिवशी विचारून घ्या. परत त्याच दिवशी घाटातून उतरू नका, एक रात्र कोल्हापुरात काढा, दोन दिवस जड उचलू नका. पाणी गेलं, रक्त दिसलं, ताप आला तर रात्री कितीही वाजता फोन करा. आणि फॉर्मवर रिपोर्टसाठी जो मोबाइल नंबर विचारतात, तिथे तुमचा स्वतःचा लिहा.